पोटुशी गप्पी, मॉली, प्लॅटी : या चुका टाळा

टँकमधल्या या पिल्लं देणाऱ्या माशांच्या मादीचं पोट फुगलं, शेपटीकडचा काळा डाग गडद झाला, की आपले हात शिवशिवायला लागतात. जाळी घालून तिला पकडायचं आणि ब्रीडिंग बॉक्समध्ये, म्हणजे विण्यासाठीच्या छोट्या डब्यात, टाकायचं. माझ्या मते सगळ्यांत मोठी चूक हीच. त्या चिमूटभर जागेत पाणी खेळत नाही, लपायला आडोसा नसतो. मादी बावरून भिंतींना धडका देत राहते. मग विणं लांबतं, नाहीतर दिवस पूर्ण न भरलेली पिल्लं पडतात, पोटाशी पिवळी पिशवी तशीच असलेली. माझी एक मॉली अशीच गेली, तेव्हापासून मी बॉक्स वापरत नाही.

त्याऐवजी टँकमध्ये जावा मॉस (शेवाळासारखी पाण्यातली वनस्पती) आणि तरंगत्या वनस्पती दाट वाढू द्या. प्लॅटी विताना मी जवळून पाहिली आहे: पिल्लू दुमडलेलं बाहेर येतं, क्षणभर खाली जातं, अंग सरळ करतं आणि थेट मॉसमध्ये घुसतं. तो आडोसा नसेल तर आईच त्याला खाते. वेगळा टँक करायचाच असेल, तर मादीला दिवस भरायच्या बऱ्याच आधी हलवा आणि पाणी जुन्या टँकमधलंच घ्या.

गप्पीला साधारण 21 ते 30 दिवस लागतात, मॉलीला बहुधा जास्त. काळ्या मॉलीत डाग दिसतच नाही, तिथे पोटाच्या आकारावरून ओळखा. खवले उभे राहून वरून अंग काटेरी दिसत असेल, तर ते गाभणपण नाही, आजार आहे. तिला लगेच वेगळं करा.

‘टँकमध्ये नर नाही, मग पिल्लं कुठून?’ मादी नराचं बीज कित्येक महिने साठवून ठेवते, म्हणून. नर असतील तर एका नरामागे दोन-तीन माद्या हव्यात, नाहीतर ते तिला पळवून पळवून दमवतात.

‘दोन जिवांची आहे’ म्हणून खाणं ओतू नका. उरलेलं कुजतं, पाण्यात अमोनिया वाढतो. आठवड्याला 20-25 टक्के पाणी बदला, क्लोरीन काढलेलं आणि तेवढ्याच तापमानाचं. 24 ते 27 अंश ठीक.

पिल्लं झाल्यावर फिल्टर विसरू नका, ती आत ओढली जातात. स्पंज फिल्टर उत्तम. खाद्य बोटांनी अगदी पीठ करून दिवसातून तीन-चार वेळा, चिमूटभरच. मोठ्यांच्या तोंडात मावणार नाहीत एवढी झाली, की त्यांच्यात सोडा.