दुसरा सिलिंडर मिस मारत होता

दीड लिटरचं, चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. चढावर थरथरायला लागलं आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागला. दिवा लुकलुकत असेल तर गाडी दामटू नये. न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तो भाग भयंकर महाग.

स्कॅनरवर कोड आला पी०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, पेट्रोल नीट पेटत नाही. गॅरेजवाला म्हणाला, स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या चारही कॉइल बदला. (हे त्यांचं ठरलेलंच!) मी इंजिन गार होऊ दिलं आणि दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल केली. कॉइल खराब असती तर कोड पी०३०३ झाला असता. तो जागचा हलला नाही.

प्लगच्या खड्ड्यात टॉर्च मारला, तर आत ऑइल. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग आणि प्लग ट्यूबचे सील कडक होऊन झिरपत होते. ऑइल आधी फडक्याने टिपून घेतलं, नाहीतर प्लग काढताना सिलिंडरमध्ये उतरतं. प्लगच्या चिनी मातीवर काळी रेघ होती. ठिणगी टोकाला न पडता तिथूनच पळत होती.

पॅकिंग, सील, चारही प्लग आणि कॉइलचे रबरी बूट नवे बसवले. कव्हरचे बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, थोडे थोडे आवळायचे, तेही ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या टॉर्क पान्याने. कव्हर प्लास्टिकचं असेल तर जास्त जोराने तडकतं.