आत घेतलेला डेटा अपडेट करताना अ‍ॅक्सेस बंद पडतो? दोष असा शोधा

गोव्यातल्या देवस्थानच्या महाजनांची, म्हणजे वंशपरंपरागत सदस्यांची, यादी एक्सेलमधून मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये घेताना काही कुरकुर होत नाही. अपडेट क्वेरी, म्हणजे अनेक ओळी एकदम बदलणारी आज्ञा, चालवली की मात्र स्क्रीन गोठते आणि प्रोग्रॅम बंद. सगळे क्वेरीला दोष देतात. मी आधी टेबल तपासेन.

प्रथम सर्वांना फाइलमधून बाहेर काढा आणि फाइलची प्रत स्वतःच्या संगणकावर घ्या. पुढचं सगळं या प्रतीवरच. प्रतीवर क्वेरी सुरळीत चालली तर संशय नेटवर्कवर घ्या. वायफायवरून अ‍ॅक्सेसची सामायिक फाइल चालवणं म्हणजे दुखणं विकत घेणं, त्यात पावसाळ्यात वीज गेली की राउटरही गेला.

मग फाइलचा आकार बघा. अ‍ॅक्सेसची मर्यादा 2 जीबी. मोठ्या अपडेटच्या वेळी फाइल फुगते आणि पुसलेल्या ओळींची जागा आपोआप मोकळी होत नाही. फाइल आवळून दुरुस्त करणारी ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ ही सोय चालवा. लॉकची, म्हणजे बदल चालू असताना डेटावर लागणाऱ्या कुलपांची, संख्या ओलांडल्याचा संदेश आला तर घाबरू नका, ती मर्यादा मुळात 9,500 असते. सगळी यादी एकदम न बदलता आधी बार्देश, मग तिसवाडी, मग फोंडा असं तालुक्यागणिक अपडेट करा.

एवढं करूनही बंद पडतंच? मग एखादी ओळ खराब आहे. टेबलची फक्त रचना कॉपी करून नवं रिकामं टेबल बनवा आणि अपेंड क्वेरीने क्रमांकाच्या पल्ल्यानुसार ओळी त्यात ढकला. 8,000 ओळी असतील तर आधी 1 ते 4,000. गेल्या? मग 4,001 ते 6,000. जिथे आपटतं त्या पल्ल्याचे पुन्हा दोन भाग करा. कंटाळवाणं आहे, पण तेराव्या फेरीपर्यंत नेमकी ओळ हाती लागते. बहुधा तिच्या लाँग टेक्स्ट रकान्यात, म्हणजे शेऱ्यात किंवा पत्त्यात, कचरा दिसतो. ती ओळ सोडून बाकीच्या पुढे न्या. तिचा मजकूर कागदी वहीतून नव्याने टाइप करा.

पुढच्या वेळी डेटा थेट मुख्य टेबलात ओतू नका. वेगळ्या कच्च्या टेबलात, सगळे रकाने टेक्स्ट ठेवून घ्या. तिथे दुहेरी क्रमांक शोधा. तारखा जपा: एसक्यूएलमध्ये, म्हणजे क्वेरी लिहिण्याच्या भाषेत, दोन हॅशच्या (#) मध्ये लिहिलेली 05/06/2024 ही तारीख अ‍ॅक्सेस 6 मे धरतो, 5 जून नव्हे. नावांवरून जुळवणी तर करूच नका. जुन्या पोर्तुगीज दस्तऐवजांत नाईकांच्या स्पेलिंगचा शेवट क्यू-यू-ई असा, आधार कार्डावर नुसता के. क्वेरीला ते दोन वेगळे गृहस्थ वाटतात. त्याने अ‍ॅक्सेस बंद पडत नाही, पण अर्धी यादी गुपचूप जुनीच राहते. जुळवणी महाजन क्रमांकावरच करा आणि अपडेटच्या आधी तीच अट घालून काहीही न बदलता ओळी फक्त दाखवणारी साधी सिलेक्ट क्वेरी चालवा. ओळींचा आकडा अपेक्षेइतका आला तरच पुढे जा.