मधुमेही माणसाला ताप आला, तर घरच्यांनी काय करायचं

पावसाळ्यात एकाच घरात एकच ताप फिरतो. नातू तीन दिवसांत उठून खेळायला पळतो, आजोबांना मात्र ॲडमिट करावं लागतं. दोघांना गाठणारा विषाणू तोच असतो, पण आजोबांच्या अंगात पंधरा वर्षांचा मधुमेह आधीच मुरलेला असतो.

ताप आला की शरीर कॉर्टिसोल, ॲड्रेनालिन ही संप्रेरकं जास्त सोडतं. त्यामुळे यकृत साठवलेली साखर रक्तात ओततं आणि इन्सुलिनचा जोर कमी पडतो. म्हणजे पोटात अन्नाचा कण नसतानाही साखर ३०० च्या वर जाऊ शकते. साखर वाढली की पांढऱ्या पेशी मंदावतात, लघवीवाटे पाणी जातं आणि मूत्रपिंडावर ताण येतो.

माझ्या वडिलांच्या वेळी मला हे ठाऊक नव्हतं. दोन दिवस ते जेवले नाहीत, म्हणून मीच इन्सुलिन थांबवलं. तिसऱ्या दिवशी मीटरवर आकडाच येईना, नुसतं ‘हाय’ दिसत होतं, म्हणजे साखर मीटरला मोजता येणार नाही इतकी वाढली होती. ती सकाळ मी विसरलेले नाही. म्हणून हे लिहिते आहे.

पहिल्या दिवशीच डॉक्टरांना फोन करा. ताप अंगावर काढू नका. फ्लू असेल तर ऑसेल्टामिविर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सर्वांत उपयोगी पडतं. मधुमेह, हृदयविकार, दमा किंवा किडनीचा आजार असलेल्यांना ते द्यायचं का, हे डॉक्टर रिपोर्टची वाट न पाहताही ठरवू शकतात. फोनवर आधी जुना आजार सांगा, मग ताप.

दर चार तासांनी साखर तपासा, रात्रीसुद्धा. वेळ आणि आकडा वहीत लिहा. ७० च्या खाली गेली आणि माणूस शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. गुंगीत असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. दोनदा २५० च्या वर आली तर पुन्हा फोन करा.

गोळ्यांचा डबा डॉक्टरांसमोर उघडा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. इन्सुलिन पूर्ण कधीच थांबवायचं नाही, डोस किती ते विचारून घ्यायचं. ग्लिमेपिराइडसारखी गोळी उपाशीपोटी घेतली तर साखर एकदम उतरते. उलट्या-जुलाब असतील तर मेटफॉर्मिन बहुधा थांबवतात. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांबद्दल तर आवर्जून विचारा. त्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, आणि आजारपणात खाणं तुटलं की रक्तात आम्ल साचू शकतं. अशा वेळी मीटरवरचा आकडा फारसा वाढलेला नसतो, म्हणून घरच्यांना काही कळतच नाही. मळमळ, पोटदुखी, धाप दिसली तर आकड्यावर विसंबू नका. बीपीच्या आणि लघवीच्या गोळ्यांचंही असंच, अंगातलं पाणी कमी झालं असेल तर त्यांचा डोस डॉक्टरांना पुन्हा बघावा लागतो.

तापाला पॅरासिटामॉल, दोन डोसांत सहा तासांचं अंतर ठेवून. अंग फार दुखतं म्हणून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक मेडिकलमधून आणू नका. डेंग्यू असेल तर रक्तस्राव वाढतो आणि किडनी अधू असेल तर तिलाही इजा होते. हृदयासाठी रोज ॲस्पिरिन चालू असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला, मनाने बंद करू नका.

थोडं थोडं प्यायला द्या. पेज, ताक, वरणाचं पाणी. ओआरएसमधल्या साखरेला घाबरू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटरमध्ये ती १३.५ ग्रॅमच असते. पाकिटावर तेच सूत्र आहे ना, तेवढं वाचा. हृदय कमजोर असेल किंवा डायलिसिस चालू असेल, तर मात्र पाण्याचं माप डॉक्टरांनाच ठरवू द्या.

दवाखान्यात कधी न्यायचं? ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला, धाप लागली, उलट्या थांबेनात, पोटात जोरात दुखू लागलं, हिरड्यांतून रक्त आलं किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर लगेच. सीओपीडीच्या (फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या) रुग्णाचा ऑक्सिजन एरवीही कमी असू शकतो, म्हणून बरं असतानाचा त्याचा आकडा लिहून ठेवा. डेंग्यूत ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवसच जास्त धोक्याचे असतात. ‘ताप गेला, सुटलो’ म्हणून तेव्हा गाफील राहू नका.

ताप गेल्यावरही लक्ष हवंच. कॅनडातल्या ऑन्टारिओमध्ये झालेल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फ्लूचं निदान झाल्यानंतरच्या सात दिवसांत हार्ट अटॅकचं प्रमाण सुमारे सहापट आढळलं. छातीत जडपणा वाटला तर तो ॲसिडिटीवर ढकलू नका. आजारात स्टेरॉइड दिलं असेल तर साखर आणखी वर जाते. २०२१ च्या कोरोनाच्या लाटेत महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसने, म्हणजे काळ्या बुरशीने, किती घरं पोळली, ते आपण पाहिलं आहे. त्यातले बरेच जण मधुमेही होते आणि बऱ्याच जणांना स्टेरॉइड मिळालं होतं. नाकाची एकच बाजू चोंदणं, काळसर स्राव, गालावर सूज, दात हलणं, एकाचे दोन दिसणं यांपैकी काहीही जाणवलं तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या.

आणि बरं वाटू लागल्यावर, पुढच्या तपासणीला जाल तेव्हा फ्लूच्या लसीचं विचारा. विषाणू बदलत राहतो, म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते. न्यूमोनियाच्या लसीचंही त्याच वेळी विचारून घ्या.