अपडेटनंतर स्क्रीन बिघडली? आधी दोष कुठे आहे ते शोधा

तुळशीचं लग्न झालं की माझ्या टेबलावर कामाचा ढीग लागतो. बडोद्याच्या दांडिया बाजारात राहत्या घरीच मी डीटीपी करते. मराठी लग्नपत्रिका, गुजराती कंकोत्र्या, मुंजीची आमंत्रणं, वास्तुशांत, सगळंच. विंडोज १०ची नेहमीची अपडेटं १४ ऑक्टोबर २०२५ला थांबली, म्हणून नोव्हेंबरात मी लॅपटॉप विंडोज ११वर नेला. रात्री अपडेट लावून झोपले. सकाळी झाकण उघडलं तर पत्रिकेवरच्या गणपतीच्या सोंडेवरून जांभळ्या रेघा आडव्या धावत होत्या आणि मधूनमधून सगळी स्क्रीन लुकलुकत होती. साडेनऊला फोन आला, "बेन, काले आपशो ने?" म्हणजे, ताई, उद्या देणार ना?

त्या दिवशी मी घाबरून भलत्याच क्रमाने सगळं केलं आणि दीड दिवस घालवला. प्रत्यक्ष दुरुस्तीला पाऊण तास पुरला. त्यानंतर नात्यातले, शेजारचे असे पाच-सहा लॅपटॉप मी स्वतः बसून पाहिलेत, आणि आता माझा क्रम ठरलेला आहे.

सगळ्यात आधी चार कळा एकदम दाबा: विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी. स्क्रीन क्षणभर काळी होईल, बहुधा बीप ऐकू येईल. याने फक्त ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे चित्र तयार करणाऱ्या चिपला चालवणारा प्रोग्राम, नव्याने सुरू होतो. उघड्या फाइली तशाच राहतात, त्यामुळे बिनधास्त करा. स्क्रीन पूर्ण काळी असेल तरी या कळा दाबून पाहाव्यात. मग काम सेव्ह करून लॅपटॉप रीस्टार्ट करा. शट डाउन नको, रीस्टार्टच. शट डाउन केल्यावर विंडोज आपला गाभा बऱ्याचदा जपून ठेवतं आणि पुढच्या वेळी तोच उचलतं, म्हणजे आतला गोंधळही सोबत येतो. रीस्टार्टने सगळं नव्याने उभं राहतं. एवढ्यानेच सुटलं तर पुढचं वाचायची गरज नाही.

सुटलं नाही, तर लगेच ड्रायव्हर काढू नका, लॅपटॉप फॉरमॅट तर मुळीच करू नका. आधी बिघाड चित्रात आहे की काचेत, हे ठरवायचं. लॅपटॉप आधी आतल्या आत चित्र तयार करतो, मग ते बिजागरीतून गेलेल्या बारीक केबलने काचेपर्यंत, म्हणजे पॅनेलपर्यंत पोचतं. दोष यातल्या कुठल्याही टप्प्यावर असू शकतो, आणि बाहेरून सगळे दोष सारखेच दिसतात.

पहिली परीक्षा स्क्रीनशॉटची. रेघा दिसत असतानाच विंडोज आणि प्रिंट स्क्रीन या कळा दाबा. पिक्चर्समधल्या स्क्रीनशॉट्स फोल्डरात चित्र जमा होतं. ते फोनवर पाठवा आणि फोनवर उघडा. तिथेही रेघा दिसल्या तर चित्र तयार होतानाच बिघडतंय, काच निर्दोष आहे. फोनवर चित्र स्वच्छ असेल तर बिघाड त्यानंतरच्या टप्प्यावर आहे. पण स्वच्छ स्क्रीनशॉट म्हणजे काच गेली असं नव्हे! ड्रायव्हर चित्र बाहेर पाठवताना चुकला तरी स्क्रीनशॉट स्वच्छच येतो. माझं नेमकं हेच झालं होतं.

म्हणून दुसरी परीक्षा. लॅपटॉप बंद करून सुरू करताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या स्वतःच्या सेटिंगच्या पानावर, शिरा. बऱ्याच कंपन्यांत त्यासाठी एफ२ असते, एचपीत एफ१०. त्या साध्या पानावर विंडोज अजून जागं झालेलं नसतं, त्यामुळे अपडेटचा तिथे हात पोचत नाही. पाच मिनिटं ते पान तसंच ठेवा. तिथेही रेघा आल्या तर केबल, पॅनेल किंवा ग्राफिक्सची चिप यांच्यापैकी काहीतरी बिघडलंय, आणि विंडोजच्या सेटिंगमध्ये कितीही शोधलं तरी ते सुटणार नाही. बायोसमध्ये काही न बदलता बाहेर या.

तिसरी परीक्षा घरातल्या टीव्हीची. एचडीएमआय केबल लावा, विंडोज आणि पी दाबून 'डुप्लिकेट' निवडा. टीव्हीवरही तशाच रेघा असतील तर दोष ड्रायव्हरकडे किंवा चिपकडे आहे. टीव्ही स्वच्छ आणि बायोसमध्ये रेघा, असं दिसलं तर संशय केबलवर किंवा पॅनेलवर.

समा भागात राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने फोन केला तेव्हा तीही अपडेटलाच बोल लावत होती, कारण रेघा अपडेटच्या दुसऱ्या दिवशी आल्या. मी जाऊन आधी बायोस उघडला. तिथेही रेघा. मग झाकण अगदी हळू पुढेमागे केलं, तर एका कोनात रेघा नाहीशा, दुसऱ्या कोनात परत हजर. बिजागरीतली केबल. २०२४च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा तिचा लॅपटॉप प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून माळ्यावर कित्येक दिवस ओलीत पडला होता. दुरुस्तीवाल्याने केबलच्या टोकावर चढलेला गंज दाखवला. नवी केबल घातली आणि पॅनेल वाचलं. अपडेटचा त्यात काहीच दोष नव्हता.

याच्या अगदी उलट प्रकार आमच्या वाड्यातल्या काकूंच्या वाट्याला आला. बायोस पाहिल्याशिवाय, टीव्ही लावल्याशिवाय एका दुकानदाराने त्यांना पॅनेल बदलायला लावलं. साडेपाच हजार गेले आणि चौथ्या दिवशी स्क्रीन पुन्हा लुकलुकायला लागली. त्यांचा ड्रायव्हर बिघडला होता. पेन्शनमधून गेलेले ते पैसे आठवले की मला आजही वाईट वाटतं. बायोस आणि टीव्हीच्या परीक्षांवर मी एवढा वेळ घेतला तो त्यांच्यासाठीच.

बायोस स्वच्छ निघाला, दोष विंडोजच्या बाजूला आहे, असं ठरलं की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. स्क्रीन लुकलुकताना टास्क मॅनेजरही लुकलुकतो का, एवढंच बघायचं. बाकी सगळं हलतंय पण तो स्थिर आहे, तर कुठलातरी एखादा प्रोग्राम विंडोजशी जुळत नाहीये. नुकताच घातलेला, नाहीतर फार जुना प्रोग्राम आधी अपडेट करा, नाही जमलं तर काढा. टास्क मॅनेजरही लुकलुकत असेल तर ड्रायव्हरकडे वळा.

स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक, डिव्हाइस मॅनेजर, त्यात डिस्प्ले ॲडॉप्टर्स. इथे इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडिया असं नाव दिसायला हवं, काही लॅपटॉपांत दोन नावं असतात. त्याऐवजी 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॉप्टर' दिसलं तर अपडेटच्या गडबडीत खरा ड्रायव्हर बसलाच नाही. अशा वेळी अक्षरं भलतीच मोठी दिसतात आणि ब्राइटनेस कमीजास्त होत नाही. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, ऑप्शनल अपडेट्स इथे ड्रायव्हर वाट पाहत असतो का, ते आधी बघा.

नाव बरोबर असेल तर त्यावर दोनदा क्लिक करून ड्रायव्हरच्या टॅबमध्ये जा आणि 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबा. अपडेटच्या आधीचा ड्रायव्हर परत येतो. ते बटण फिकं असेल तर जुना ड्रायव्हर उरलेलाच नाही. माझं फिकंच होतं. मग लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर जायचं, पाठीवरच्या स्टिकरचा सिरियल नंबर घालायचा आणि आपल्या मॉडेलसाठी दिलेला ग्राफिक्सचा ड्रायव्हर उतरवायचा. गूगलवर सापडलेल्या कुठल्याही 'ड्रायव्हर अपडेटर'ला हात लावू नका. त्यातले पुष्कळ नको ते प्रोग्राम घरात घेऊन येतात.

क्रम महत्त्वाचा आहे. नवा ड्रायव्हर आधी उतरवून डेस्कटॉपवर ठेवायचा, मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये जुन्यावर उजवी क्लिक करून 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' निवडायचं, ड्रायव्हरही काढून टाकण्याच्या चौकटीत खूण करायची, रीस्टार्ट करून नवा घालायचा. मधल्या काळात स्क्रीन ओबडधोबड दिसेल, घाबरू नका. माझ्या जांभळ्या रेघा याच पायरीला गेल्या.

स्क्रीन इतकी वाईट आहे की यातलं काहीच वाचता येत नाही, तर सेफ मोड. शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्ट करा, मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि यादी आली की ४. सेफ मोडमध्ये विंडोज आपला साधा ड्रायव्हर वापरतं, त्यामुळे चित्र बहुतेक वेळा स्थिर होतं आणि काम करता येतं. पण त्याआधी एक गोष्ट हात जोडून सांगते. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपांत बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींना लावलेलं विंडोजचं कुलूप, चालू असतं, आणि अशा वाटेने आत शिरताना ते ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ही की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. फोनवरून त्या खात्यात जाऊन ती आधी कागदावर उतरवा. मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवली आहे, आणि वही लॅपटॉपच्या पिशवीत ठेवत नाही.

आता रेघा नाहीत, पण स्क्रीन 'बरोबर दिसत नाही', ही तक्रार. माझ्या धंद्यात तीच जास्त नडते.

पांढरं पान उघडलं की उजेड वाढतो, गडद चित्र आलं की मंदावतो, असं होत असेल तर सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले इथे ब्राइटनेसच्या बाणावर क्लिक करा. चित्राप्रमाणे ब्राइटनेस बदलण्याची सोय तिथे असते, ती 'ऑफ' करा. प्रत्येक लॅपटॉपात ती दिसेलच असं नाही. त्याच पानावर नाइट लाइट आणि एचडीआर बंद आहेत ना, तेही बघा. अपडेटनंतर आठवडाभर मी कुंकवाचा लाल रंग निवडत होते आणि छापखान्यातून तो विटकरी येत होता. माझ्या लॅपटॉपावरचं कलर प्रोफाइल, म्हणजे स्क्रीनवर रंग कसे दाखवायचे ते ठरवणारी फाइल, उडालं होतं. शोधाच्या चौकटीत 'कलर मॅनेजमेंट' लिहा, आपली स्क्रीन निवडा, जुनं प्रोफाइल यादीत असेल तर ते डिफॉल्ट करा. छपाईचं काम करणाऱ्यांनी ही तपासणी केल्याशिवाय पहिलं प्रूफ काढू नये.

बारीक थरथर, विशेषतः स्थिर पानावर, असेल तर ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र नव्याने उमटतं तो आकडा, बघा. ६० हर्ट्‌झवर आणून फरक पडतो का ते तपासा. इंटेलचं ग्राफिक्स असेल तर त्यांच्या ग्राफिक्स कमांड सेंटरमध्ये पॉवरच्या पानावर 'पॅनेल सेल्फ रिफ्रेश' म्हणून बॅटरी वाचवणारी सोय असते. ती बंद केल्याने अशी थरथर गेलेली मी दोन लॅपटॉपांवर पाहिली आहे.

अक्षरं पुसट झाली, देवनागरीच्या मात्रा आणि रफार विरघळल्यासारखे दिसू लागले, तर आधी डिस्प्लेमध्ये 'स्केल' किती आहे बघा. शेजारी 'रेकमेंडेड' लिहिलेला आकडा निवडा, रिझोल्यूशनही तसंच. मग 'क्लिअरटाइप' शोधून ते चालवा. ते अक्षरांचे नमुने दाखवत जातं, आपण स्पष्ट वाटेल तो निवडत जायचं. फक्त एखादा जुना प्रोग्रामच पुसट दिसत असेल, माझ्याकडे पानं लावायचा पेजमेकर तसा दिसायचा, तर त्याच्या आयकनवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, कॉम्पॅटिबिलिटी, 'चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज' इथे जाऊन खालच्या 'ओव्हरराइड'वर खूण करा आणि 'ॲप्लिकेशन' निवडा. अक्षर धारदार होतं, पण मेनू बारीक दिसायला लागतात. माझ्यासाठी अक्षर महत्त्वाचं, मी चष्मा लावून मेनू वाचते.

हे सगळं करूनही जमत नसेल तर अपडेट मागे घ्या. लहान अपडेट असेल तर सेटिंग्ज, विंडोज अपडेट, अपडेट हिस्टरी, 'अनइन्स्टॉल अपडेट्स' इथे ज्या तारखेला बिघाड सुरू झाला त्या तारखेचं अपडेट काढा. सगळी विंडोजच बदलली असेल, जशी माझी, तर सिस्टम, रिकव्हरी, 'गो बॅक' ही वाट असते, पण साधारण १० दिवसच. त्यानंतर जुन्या विंडोजच्या फाइली पुसल्या जातात. म्हणून आधीच्या परीक्षा दोन-तीन दिवसांत उरका, आणि मागे जाण्याआधी आपल्या फाइली पेन ड्राइव्हवर घ्या. मागे गेल्यावर विंडोज अपडेटच्या पानावर 'पॉज' करून ठेवा, नाहीतर तेच अपडेट पुन्हा येऊन बसेल. ५ आठवड्यांपर्यंत थांबवता येतं. मुहूर्तांच्या दिवसांत मी आता पॉजच ठेवते आणि कमुर्ता, म्हणजे गुजरातेत लग्नं न लावण्याचा धनुर्मास, लागल्या की कामाला उसंत मिळते, तेव्हा अपडेट लावते.

बायोसमध्येच रेघा दिसल्यामुळे दुरुस्तीला न्यावं लागलं, तर जाताना फोनमध्ये दोन गोष्टी असू द्या: बायोसच्या पानाचा रेघांसकट फोटो, आणि झाकण हलवताना काढलेला छोटा व्हिडिओ. काउंटरवर आधी ते दाखवा. टीव्हीवर काय दिसलं तेही सांगा, आणि पॅनेल बदलण्याआधी केबल काढून परत बसवून बघायला सांगा. जुना भाग बदललाच तर तो मागून घ्या.