दसऱ्याला शटर उघडण्याआधी

गणपती गावाला गेले, चाकरमानी परतले, की दसऱ्यापर्यंत सावंतवाडीत जरा उसंत मिळते. चित्रांचं आणि भेटवस्तूंचं छोटं दुकान काढायचं असो, की पावसात अर्धं मिटून ठेवलेलं पुन्हा लावायचं असो, तयारीला हेच दिवस हाती असतात. मला कोणी विचारलं की मी भिंतीच्या रंगापासून सुरुवात करत नाही. आधी दोनशे पानी वही आणा म्हणते.

कारण दुकानातला बहुतेक माल आपला नसतोच. चित्र चित्रकाराचं, लाकडी खेळणी इथल्या चितार आळीतल्या कारागिराची, चित्रकथीचा, म्हणजे गोष्ट सांगताना दाखवायच्या चित्राचा, कागद पिंगुळीच्या ठाकर कुटुंबातला. आपण राखणदार. तेव्हा वहीत प्रत्येक नगाला क्रमांक, आला ती तारीख, विक्रीची किंमत, त्यातले चित्रकाराचे किती आणि आपले किती, आणि विकला गेला नाही तर परत कधी न्यायचा, एवढं लिहा आणि समोरच्याची सही घ्या. मी ३५ टक्के ठेवते. कोणी ५० घेतात. आकडा काहीही असो, तो चित्र भिंतीवर चढायच्या आधी ठरलेला हवा. महिन्याच्या ५ तारखेला हिशेब, पैसे खात्यावर. मी स्वतः चित्रं काढत होते तेव्हा एका शहरातल्या दुकानात पाच चित्रं ठेवली होती. दोन विकली गेली हे मला आठ महिन्यांनी कळलं, तेही विकत घेणाऱ्याकडून. ती वही तेव्हापासूनची.

त्याच कागदावर अजून एक ओळ लागते. चित्र विकलं म्हणून त्याचा कॉपीराइट विकला जात नाही. एखाद्या चित्राचे मग, फ्रिजवरचे मॅग्नेट किंवा शुभेच्छापत्रं छापायची असतील तर चित्रकाराची वेगळी लेखी परवानगी घ्या. तोंडी ‘छापा की’ चालत नाही; छापलेला मग खपायला लागला की सगळ्यांच्या आठवणी बदलतात.

सरकारी कागद तुलनेने सोपे. वीसपेक्षा कमी माणसं कामाला असतील तर दुकाने आस्थापना कायद्याखाली ऑनलाइन सूचना दिली की भागतं. पाटी मराठीत, देवनागरीत, आणि इतर कुठल्या लिपीपेक्षा लहान अक्षरांत नको. वस्तू विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटीची नोंदणी सहसा लागत नाही, पण राज्याबाहेर कुरियरने माल पाठवायचा म्हटला की नियम वेगळे, तेव्हा सीएला आधीच विचारा. चित्रांवरचा कर सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुने दर मनात धरून किमती लावू नका. विमा काढाल तेव्हा विक्रीसाठी ठेवलेला दुसऱ्याचा माल त्यात धरला आहे, असं पॉलिसीत लिहून घ्या. नुसता ‘दुकानाचा विमा’ म्हणजे बऱ्याचदा फक्त आपल्या मालाचा.

आता भिंत. कोकणातली भिंत सप्टेंबरात कोरडी दिसते, असत नाही. हात लावून बघा, मग प्लॅस्टिकचा एक तुकडा चारही कडांनी चिकटवून दोन दिवस ठेवा; आत दव जमलं तर रंगाचा डबा उघडू नका. प्रत्येक फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांत बुचाचे छोटे तुकडे चिकटवा, म्हणजे चित्र भिंतीला टेकत नाही आणि मागून वारा खेळतो. पावसाळ्यात उतरवून ठेवलेल्या फ्रेमा उलट्या करून तपासा, मागच्या कागदावर बुरशीचे ठिपके असतील तर ती फ्रेम बाकीच्यांपासून दूर. कसर आणि वाळवी कोपऱ्यातून येतात, म्हणून खोके जमिनीवर ठेवायचे नाहीत, फळीवरच. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांवर आला की मान न वाकवता बघता येतं. दुपारचं ऊन जिथे येतं तिथे जलरंग लावू नका, लाकडी फळं ठेवा.

गिऱ्हाईक काय विचारणार याची तयारी मात्र कोणी करत नाही. गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, हातात घेतली की पहिला प्रश्न ‘हे खेळतात कसं?’ दशावतारी गंजिफाची पानं १२०: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. मत्स्याच्या राजाचं गोल पान बोटांत फिरवून दाखवा, लाखेची चकाकी उजेडात धरा, पाच मिनिटं द्या. संच महाग असतो, तो प्रत्येकाला परवडत नाही, म्हणून सुटं पान फ्रेम करूनही ठेवा. वारली चित्रांत छापील आणि हाताचं एका खुंटीला टांगू नका. छापील असेल तर तसं ठळक लिहा. गोव्याचा मोपा विमानतळ जवळ असल्याने आता पुष्कळ लोक परतीच्या वाटेवर थांबतात, त्यांच्याकडे केबिन बॅगेत जेमतेम एका वहीएवढी जागा उरलेली असते. त्या मापाची चित्रं पुढच्या रांगेत हवीत. खरं सांगायचं तर भाडं त्यातूनच निघतं. मोठ्या कॅनव्हासने दुकानाला नाव मिळतं.

पॅकिंगचं सामान आधी आणा: बटर पेपर, पुठ्ठ्याचे कोपरे, नळ्या, बबल रॅप. ॲक्रिलिकच्या चित्राला बबल रॅप थेट गुंडाळू नका. मी गुंडाळलं होतं, उन्हाळ्यात, पुण्याला पाठवायला. तिथे उघडलं तर आकाशभर गोल गोल ठसे. चित्रकाराला पूर्ण पैसे दिले, ते चित्र आता माझ्या स्वयंपाकघरात आहे. आधी बटर पेपर, मग बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला.

क्यूआर कोड लावा, पण बिलबुकही ठेवा. वीज गेली की रेंजही जाते. सुटे पैसे, एक स्टूल, पाण्याचा तांब्या.

आणि आदल्या दिवशी संध्याकाळी सातला सगळे दिवे लावून रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहा. काचेत समोरच्या मेडिकलची पाटी दिसत असेल तर दर्शनी चित्रावरचा दिवा थोडा खाली वळवा, मग पुन्हा पलीकडे जाऊन बघा.