विहिरीतली निवळी आणि बाळंतिणीची शेगडी

भोर तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर मी ३१ वर्षं नर्सबाई होते. नेमणूक लसीकरणाची आणि बाळंतपणांची, पण जून लागला की निम्मा जीव विहिरीच्या काठावर टांगलेला. निवृत्त झाले तरी पहिल्या पावसाला फोन येतोच, "मावशी, टीसीएल किती टाकू?" टीसीएल म्हणजे विहिरीच्या पाण्यातले जंतू मारायची ब्लीचिंग पावडर. दरवेळी तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाचं लिहून काढते.

पहिलं म्हणजे "दोन वाट्या टाकल्या, ओंजळभर टाकलं" हे बंद करा. आधी विहीर मोजायची. दोरीला दगड बांधून तळाला सोडा, वर ओढा, दोरी जेवढी भिजली तेवढी पाण्याची खोली. विहिरीचा आतला व्यास टेपनं घ्या. दोन्ही मापं मीटरमध्ये हवीत. व्यास गुणिले व्यास गुणिले खोली गुणिले ७८५, झाले लिटर. ५ मीटर व्यासाची विहीर आणि ४ मीटर पाणी असेल तर ७८,५०० लिटर. हजार लिटरला ५ ग्रॅम टीसीएल धरतात, म्हणजे या विहिरीला साधारण ४०० ग्रॅम. पावसाळ्यात पाणी रोज चढतं, मग रोज दोरी कोण सोडणार? गावच्या पाण्याची देखरेख करणाऱ्या आमच्या जलसुरक्षकानं आतल्या दगडांवर ऑइल पेंटनं मीटरामीटरला रेघा मारल्या आणि कोणत्या रेघेला किती ग्रॅम ते पंपघराच्या दारामागे लिहून ठेवलं. त्याच्या गैरहजेरीत त्याचा शाळकरी पोरगाही हिशोब अचूक सांगायचा.

आता पावडर. ताज्या टीसीएलमध्ये ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं, ते २० टक्क्यांच्या खाली गेलं की ती पावडर वापरू नये. ऊन, ओल, उघडं तोंड, तिन्हींनी क्लोरीन उडून जातं आणि मागे राहतो चुना. फसवणूक अशी की वास शिल्लक राहतो. एका जुलैत मीच फसले. पोतं महिनाभर उघडं होतं, पण वास नाकात जाईल इतका होता, म्हणून नि:शंकपणे वापरत राहिले. आठवड्यात वरच्या आळीत जुलाबाचे पेशंट लागले. पाणी तपासलं तर क्लोरीनचा पत्ता नाही. तेव्हापासून पावडर घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये, सावलीत, फळीवर. ड्रमवर उघडल्याची तारीख. खडे झालेली, ओलसर पावडर विहिरीत नाही.

पावडर थेट विहिरीत भिरकावू नका, ती तळाशी जाऊन बसते. प्लास्टिकची बादली घ्या. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त नको, म्हणजे ४०० ग्रॅमला चार बादल्या. आधी थोडंसं पाणी घालून भज्याच्या पिठाइतपत कालवा, गुठळ्या मोडा. मग पाऊण बादली पाणी भरून ढवळा आणि दहा मिनिटं हात लावू नका. चुना खाली बसतो, वर निवळी येते. ती अलगद दुसऱ्या बादलीत ओता. ही बादली दोरीनं पाण्यात सोडून वर-खाली, आजूबाजूला हलवत राहा, पोहरा खळबळतो तशी. खालचा चुना खड्ड्यात टाका. तो विहिरीत गेला तर पाणी जड होतं, डाळ शिजत नाही, आणि मग बाया टीसीएलच्या नावानं बोटं मोडतात. हे काम रात्री, शेवटचा हंडा भरून गेल्यावर करावं. तोंडावर फडकं, वारा पाठीमागून.

काम इथे संपत नाही. किमान तासाभरानं ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्ट करायची, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायचं. नळीत खुणेपर्यंत पाणी, त्यात किटवर लिहिलेले थेंब, आणि लगेच रंग बघायचा. फिकट पिवळा आला की क्लोरीन आहे. लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी उरलेलं पाहिजे. पाणी मात्र शेवटच्या घराच्या नळाचं घ्या. टाकीजवळच्या नळाला पिवळा रंग येणारच. वाटेत पाइप फुटला असेल तर ते शेवटच्या घरीच कळतं. रंग आलाच नाही तर पुन्हा डोस. गर्द केशरी आला तर हात सैल सुटला होता असं समजा.

घरी गढूळ पाणी आलं तर आधी तुरटी फिरवून गाळ बसवा, वरचं पाणी फडक्यातून गाळा. तुरटीनं पाणी नितळतं, जंतू मरत नाहीत. म्हणून पुढे अर्ध्या ग्रॅमची क्लोरीनची गोळी २० लिटरला टाकून अर्धा तास थांबा, नाहीतर खळखळून उकळी येऊ द्या आणि त्याच भांड्यात झाकून गार करा. काढायला लांब दांड्याचं ओगराळं. आमच्याकडे ओगराळं वाटूनही लोक त्यानं कढी वाढायचे, ते असो. बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडला आणि नायट्रेटला यातला एकही उपाय लागू पडत नाही. उकळून तर ते आणखी दाट होतं. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या लोकांना फ्लोराइडची गोष्ट नवी नाही. बोअर प्रयोगशाळेत तपासून घ्या. लिटरला फ्लोराइड १.५ किंवा नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या वर निघालं तर ते पाणी धुण्याभांड्याला, प्यायला दुसरं.

उरलेलं टीसीएल संडास घासायला नेतात, नेऊ देत. पण त्यावर अ‍ॅसिड ओतू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीनचा धूर निघतो, आणि बंद संडासात माणूस दाराची कडी शोधेपर्यंत गुदमरतो. त्या धुराला निदान वास तरी असतो.

शेगडीच्या वायूला, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला, तोही नसतो. ही गोष्ट माझ्याच घरची. मुलीचं पहिलं बाळंतपण, जानेवारी महिना. दहा बाय दहाची खोली, वारा लागू नये म्हणून खिडकीत चिंध्या कोंबलेल्या, दार लोटलेलं, बाजेखाली कोळशाची शेगडी, वर ओवा-शेपा. गावभर आरोग्य सांगणाऱ्या मीच हे मांडलं होतं. सुरुवातीचा धूर गेला, निखारे लालबुंद झाले, मला वाटलं आता काळजी नाही. थोड्या वेळानं ती म्हणाली, "आई, डोकं ठणकतंय, मळमळतंय." मी म्हटलं, अशक्तपणा असेल. मग माझंही डोकं ठणकायला लागलं, तेव्हा ट्यूब पेटली. एका खोलीतल्या दोघांचं डोकं एकाच वेळी दुखायला लागलं तर आधी हवेवर संशय घ्यायचा. दार उघडून तिला ओसरीवर आणलं. बाळ सुदैवानं बाहेर आजीच्या मांडीवर होतं.

कार्बन मोनॉक्साइड धूर नसलेल्या निखाऱ्यातूनही येतो, म्हणून पेटती शेगडी बंद खोलीत नकोच, थंडीत रात्रभर उशाशी तर मुळीच नको. बाथरूममधल्या गॅस गिझरचंही तेच. तो बाथरूमच्या बाहेर बसवा, बादल्या भरा, गिझर बंद करा, मग अंघोळीला जा. आत कुणी पडलेलं दिसलं तर दारं-खिडक्या सताड उघडा, माणसाला मोकळ्या हवेत ओढा आणि १०८ ला फोन लावा. कांदा फोडून हुंगवत बसू नका. बोटाला ऑक्सिमीटर लावून ९८ दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका, त्या यंत्राला हा वायू आणि ऑक्सिजन यांतला फरक कळत नाही. डॉक्टरांना शेगडी किंवा गिझरचं आधी सांगा, म्हणजे ते लगेच ऑक्सिजन लावतील.

चुलीबद्दल थोडक्यात. २०१६ ला उज्ज्वला आली, सिलिंडर आले, पण भाकरी आणि अंघोळीचं पाणी पुष्कळ घरांत अजून चुलीवरच होतं. निदान पाण्याची चूल परसात न्या. भाकरीची आत राहणार असेल तर लाकूड वाळलेलं, वर धुराडं मोकळं आणि तान्हं मूल दुसऱ्या खोलीत. डासांसाठी गोवरी आणि कडुलिंबाचा पाला गोठ्यात जाळा, माणसांना मच्छरदाणी लावा.

मुलीच्या दुसऱ्या बाळंतपणाला शेगडी अंगणात गेली. तिच्यावर विटा तापवायच्या, जाड फडक्यात गुंडाळून गालाला लावून बघायच्या, मग आत न्यायच्या. तिच्या सासूबाई रुसल्या, "धुरीशिवाय कसलं बाळंतपण?" म्हणून अंगणातल्याच शेगडीवर मूठभर ओवा टाकला. वास माजघरापर्यंत आला आणि त्या चहाला बसल्या.