प्रोजेक्टचं टूल: निवडायचं कसं, चालवायचं कसं

टीमची कामं नोंदवून ती कुठवर आली ते दाखवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे प्रोजेक्टचं टूल, निवडायचं असेल तर टूलांची तुलना करणारे तक्ते बाजूला ठेवा. आधी टीमनं गेल्या महिन्यात संपवलेली वीस-पंचवीस कामं कागदावर उतरवा. प्रत्येक कामापुढे तीन गोष्टी लिहा: ते कुठून आलं (मेल, फोन, मीटिंग), कोणाकोणाच्या हातून गेलं आणि सगळ्यात जास्त कुठे अडकून पडलं. अर्ध्या तासात होणारी ही यादी बहुतेक वेळा निम्मा निर्णय करून टाकते.

यादीत कामं सुटी सुटी आणि सतत येणारी दिसली, म्हणजे तक्रारी, लेख, डिझाइन, छोट्या दुरुस्त्या, तर तुम्हाला कानबान पद्धतीचा बोर्ड हवा, म्हणजे प्रत्येक कामाचं कार्ड टप्प्यांच्या रकान्यांतून पुढे सरकवायचा फळा. एक संपल्याशिवाय दुसरं सुरूच होत नाही आणि शेवटची तारीख हलणार नाही, अशी कामं असतील तर गँट चार्ट (तारखांवर कामांच्या आडव्या पट्ट्या दाखवणारा तक्ता) हवा आणि कामांची एकमेकांशी जोडणीही हवी. ही जोडणी का लागते ते एका छोट्या हिशेबात कळतं. समजा काम ‘अ’ ४ दिवसांचं आहे. ते झाल्यावर ‘ब’ (६ दिवस) आणि ‘क’ (३ दिवस) एकाच वेळी सुरू होतात. ती दोन्ही संपली की ‘ड’ (२ दिवस). एकूण ४+६+२, म्हणजे १२ दिवस. ‘क’ला ३ दिवस उशीर झाला तरी शेवटची तारीख जागची हलत नाही, ‘ब’ एक दिवस लांबलं की सगळंच एक दिवस लांबतं. साध्या बोर्डावर ‘ब’ आणि ‘क’ शेजारी शेजारी, सारखीच महत्त्वाची दिसतात. तिथेच घात होतो.

आता नावं. ट्रेलो म्हणजे बोर्ड आणि कार्ड. शिकायला दहा मिनिटं पुरतात, पण जोडलेल्या कामांसाठी ते तोकडं पडतं. जिरा २००२ मध्ये सॉफ्टवेअरमधले बग (चुका) नोंदवण्यासाठी आलं. कोणतं काम कोणत्या टप्प्यावरून कुठे जाऊ शकतं आणि ते कोण हलवू शकतं, याचे नियम बांधणं ही त्याची खरी ताकद. पाच जणांच्या जाहिरात टीमला त्या नियमांचा जाचच जास्त होईल. आसनामध्ये तीच कामं यादी आणि बोर्ड अशा दोन्ही रूपांत दिसतात, त्यामुळे मिश्र टीमला ते बरं पडतं. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट पक्क्या वेळापत्रकासाठी आहे. माहिती स्वतःच्याच सर्व्हरवर ठेवायची असेल तर ओपनप्रोजेक्ट बघा. आणि तीन माणसं, एकच प्रोजेक्ट असेल तर सामायिक स्प्रेडशीट पुरते. उगाच टूल घेऊ नका.

चाचणी दोनच टूलांची घ्या, प्रत्येकी दोन आठवडे आणि खऱ्या कामांवर. नमुन्याच्या कामांवर सगळीच टूलं गोड वाटतात. मोबाइलवरून नवं काम अर्ध्या मिनिटात नोंदवता येतं का, बाहेरच्या माणसाला एकच बोर्ड दाखवता येतो का, हे करून बघा. पहिल्याच दिवशी सगळी माहिती सीएसव्हीमध्ये (स्प्रेडशीटमध्ये उघडणारी साधी मजकूर फाइल) बाहेर काढा आणि ती फाइल उघडा. त्यात अनेकदा शीर्षकं आणि तारखा येतात, पण चर्चा आणि जोडलेल्या फाइली मागेच राहतात. टूल सोडायची वेळ आल्यावर हे कळून काही उपयोग नाही. पैशांचा हिशेब करताना टीमबाहेरचे, कधीतरी डोकावणारे लोकही मोजा, कारण दर बहुधा माणशी असतो. तुम्हाला हवी असलेली सोय कोणत्या प्लॅनमध्ये आहे तेही पाहा; टाइमलाइन (गँट चार्टसारखं तारखांवरचं दृश्य) बहुधा फुकटच्या प्लॅनमध्ये मिळत नाही.

जुनी कामं नव्या टूलमध्ये ओतू नका. उघडी असलेली आणि गेल्या महिन्यात काहीतरी हालचाल झालेली तेवढीच घ्या. सीएसव्हीतून आणत असाल तर तारखा २०२५-०४-०३ अशा, वर्ष आधी येईल अशा लिहा. ०३/०४ लिहिलंत तर ३ एप्रिलचा ४ मार्च होऊ शकतो. मजकूर मराठीत असेल तर फाइल यूटीएफ-८ मध्येच (सगळ्या लिप्यांची अक्षरं सांभाळणारी पद्धत) सेव्ह करा, नाहीतर अक्षरांच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं येतील.

बोर्डाला सुरुवातीला पाच रकाने पुरे: आलेलं, पुढचं, चालू, तपासणीत, झालं. रकान्यांना माणसांची नावं देणं ही नेहमी होणारी चूक. त्यातून कोणावर किती ओझं आहे ते दिसतं, काम कुठवर आलं ते दिसत नाही. अडलेल्या कामासाठीही वेगळा रकाना करू नका, कारण मग ते कोणत्या टप्प्यावर अडलं हेच हरवतं. त्याला लाल लेबल लावा आणि कोणाकडून काय यायचं आहे ते एका ओळीत लिहा.

‘वेबसाइट’ हे काम नव्हे, तो विषय झाला. ‘होमपेजचा मजकूर तपासून डिझायनरला देणे’ हे काम. अर्ध्या दिवसापासून दोन दिवसांपर्यंतचा तुकडा पाडा आणि त्याचा धनी एकच ठेवा. दोघांच्या नावावरचं काम दोघंही दुसऱ्यावर सोडून देतात. ‘९०% झालं’ असा रकाना तर काढूनच टाका. तुकडे नीट पाडले की त्याची गरज उरत नाही. मुदत खरी असेल तरच टाका. ‘बघू, शुक्रवार लिहून ठेवू’ असं पाच-सहा वेळा झालं की बोर्ड लालेलाल होतो आणि मग लाल रंगाकडे कोणी बघतच नाही.

सगळ्यात मोठा फरक पडतो तो एका वेळी किती कामं चालू ठेवता यानं. रांगांच्या गणितातला लिटलचा नियम सांगतो: सरासरी लागणारा वेळ म्हणजे हाती असलेली कामं भागिले दर आठवड्याला संपणारी कामं. ३० कामं उघडी आणि आठवड्याला ५ संपत असतील, तर आज घेतलेलं काम साधारण सहा आठवड्यांनी बाहेर पडेल, कितीही घाई केली तरी. उघडी कामं १५ वर आणली आणि वेग तोच राहिला, तर तीन आठवडे. म्हणून ‘चालू’ रकान्याला मर्यादा घाला; चार जणांच्या टीमला पाच ही बरी सुरुवात. मर्यादा भरली की नवं काम उचलायचं नाही, तपासणीत तुंबलेलं आधी सोडवायचं. जिरामध्ये ही मर्यादा रकान्याला लावता येते, पण ती ओलांडली तर रंग बदलतो, काम अडवलं जात नाही. शिस्त माणसांनीच पाळायची.

टूल मरतं ते बहुतेक वेळा वरून. साहेब फोनवर ‘कुठवर आलं?’ विचारतात, उत्तर फोनवरच मिळतं, आणि आठवड्याभरात बोर्ड शिळा होतो. विचारायचं असेल तर कार्डावर विचारा. व्हॉट्सअॅपवर काही ठरलं, तर ते ज्यानं ठरवलं त्यानंच एक ओळ कार्डावर टाकायची. आठवड्यातून एकदा वीस मिनिटं बोर्डासमोर बसा आणि उजवीकडून डावीकडे या, कारण जवळजवळ संपलेली कामं आधी संपवायची आहेत. ‘आलेलं’मध्ये सहा आठवडे पडून राहिलेलं काम बंद करा, खरंच हवं असेल तर ते परत येतं.

नोटिफिकेशन पहिल्याच दिवशी छाटा. काम नावावर आलं, कोणी नाव घेऊन विचारलं, मुदत जवळ आली, या तिन्हींपलीकडचे मेल बंद. नाहीतर लोक सरसकट सगळे मेल न वाचता उडवतात. ऑटोमेशनला, म्हणजे टूलनं आपोआप करायच्या कामांच्या नियमांना, पहिला महिना हात लावू नका. नंतर दोन-तीन साधे नियम करा, जसं की पाच दिवस न हललेल्या कामाची आठवण. दोन नियम एकमेकांना जागे करत बसणार नाहीत ना, ते तपासा. अनेक टूलांमध्ये नियम तो बनवणाऱ्याच्या खात्यावरून चालतो. ती व्यक्ती टीम सोडून गेली की नियम गुपचूप बंद पडतो. म्हणून कोणाचं खातं बंद करण्याआधी त्याच्या नावावरचे नियम दुसऱ्या खात्यावरून नव्यानं बनवून घ्या.